बजबजच्या घाटावर वनभोजन

सहलीचा विषय निघाला की मी भांडते. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे नवऱ्याला आणि मुलीला, कारण घरात आता तेवढेच आहेत. मुलीच्या शाळेची सहल ठरली की त्या दिवशी तिला ताप येतो. ताप मी आणते. शाळेतल्या बाईंना वाटतं, मुलगी नाजूक आहे. मुलगी ठणठणीत आहे, नाजूक आहे ती तिची आई.

कारण सांगून टाकते, लपवण्यात अर्थ नाही. आम्ही पुण्यात होतो तेव्हा आमचा मोठा मुलगा सातवीत होता. शाळेची सहल कोकणात गेली. ओहोटीच्या वेळी मुलं वाळूत खेळत होती, आणि हा खेकडे बघायला खडकांवर गेला. भरती सुरू झाली तेव्हा शिक्षक चहा पीत होते. पाणी समोरून येतं अशी आपली समजूत असते. ते तिथे मागून आलं, खडक आणि वाळू यांच्या मधून, आणि परतीची वाट बुजली. बाकीची मुलं परत आली. शाळेने आम्हाला सांगितलं की सगळी खबरदारी घेतली होती. त्यानंतर ‘खबरदारी’ हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मुलगी तेव्हा बालवाडीत होती. तिला तो आठवत नाही. तिच्यासाठी दादा म्हणजे दिवाणखान्यातला फोटो आणि त्याच्या वाढदिवसाला होणारी खीर.

नवरा बँकेत आहे. त्याने बदली मागून घेतली. साहेबांनी विचारलं, कुठे हवी? तो म्हणाला, कुठेही चालेल, समुद्र नको. कोलकात्याची जागा रिकामी होती. ती नेहमीच रिकामी असते, आपली माणसं तिकडे जायला फारशी राजी नसतात. मी नकाशा काढून पाहिला. समुद्र खूप खाली होता. मग आम्ही न्यू टाउनमध्ये आठव्या मजल्यावर भाड्याने घर घेतलं आणि कोरड्या जमिनीवर राहू लागलो. इथे येऊन काही वर्षं झाली, पण मी नदीकडे फिरकलेले नाही. फेरीबोटीत पाय ठेवलेला नाही. हावड्याला जायचं झालं तर पुलावरून टॅक्सीने जाते आणि तेवढा वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत बसते. विसर्जनाला सगळी बिल्डिंग घाटावर जाते, मी घरी भांडी घासते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी ताक पिणंच सोडलं होतं.

आमच्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी सकाळी मराठी शाळा भरते. शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि एक काकू. काकू मूळच्या नागपूरच्या, तिथल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलाच्या नोकरीमुळे इथे आलेल्या. ‘मी गेली’, ‘माझ्याजवळ भूक नाही आहे’ असलं मराठी ऐकून त्यांच्या पोटात दुखायला लागलं आणि त्यांनी वर्ग काढला. बंगालीत न्हालेली आणि हिंदीत वाढलेली आमची पोरं तिथे जाऊन बाराखडी गिरवतात. माझी मुलगी एकही रविवार चुकवत नाही. तिला मराठीचा पुळका आहे असं नाही, पण त्या वर्गात तिच्या मैत्रिणी आहेत आणि काकू तिला ‘आमची शहाणी’ म्हणतात.

त्या हिवाळ्यात काकूंनी ठरवलं की शाळा असेल तर सहलही हवी. बजबजला नदीकाठी एक बंद पडलेली तागाची गिरणी आहे. कुठल्याशा ट्रस्टने तिचं आवार साफ करून जुनी यंत्रं उघड्यावर मांडून ठेवली आहेत. तिथे मुलांना यंत्रं दाखवायची, ताग म्हणजे काय ते सांगायचं आणि नदीच्या घाटावर वनभोजन करायचं. ‘वनभोजन’ हा शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला. पोरांनी तो वहीत उतरवून घेतला.

मुलीने घरी आल्यावर लगेच काही सांगितलं नाही. जेवताना भात चिवडत म्हणाली, “आई, हे मराठी शाळेचं आहे. हे पण नाही?”

मी म्हटलं, “जेव.”

“ताप येईल का मला त्या दिवशी?”

तिने हे कुचकटपणाने विचारलं असतं तर मी रागावले असते. तिने ते साधंच विचारलं, तारीख आधी कळावी म्हणून. नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. इतक्या वर्षांत तो मला कधी बोलला नव्हता. मुलगा गेला तेव्हाही नाही, मी देवघरातले देव उचलून माळ्यावर टाकले तेव्हाही नाही. त्या दुपारी तो म्हणाला, “एक गेला त्यात आपला दोष नव्हता. ही मात्र आपल्या हातून जातेय.” आणि उठून हात धुवायला गेला.

मी तीन-चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. राग त्याचा नव्हता. तो खरं बोलला होता, त्याचा होता.

मग काकू घरी आल्या. येताना तिळाच्या वड्या घेऊन आल्या, म्हणजे काम मोठं होतं. म्हणाल्या, “हे बघ, मला सगळं माहीत आहे. मी तुला ‘पाठव’ म्हणत नाही. मी म्हणते, तू ठरव. बस कुठली, वेळ कुठली, कोणी कुठे उभं राहायचं, सगळं तू. तू नाही म्हटलंस तर सहल रद्द.”

दयेचा वास मला लांबून येतो, आणि तो या वड्यांनाही येत होता. पण त्यात एक चलाखीही होती. ज्या बाईला जगातला प्रत्येक धोका दिसतो, तिच्याच हातात शिट्टी दिली की बाकीच्या आया निर्धास्त होतात. मी म्हटलं, “मी म्हणेन ते होणार असेल तर. मग कुरकुर नको.” काकू म्हणाल्या, “कोण कुरकुर करतंय ते मी बघते.” आतल्या खोलीतून मुलगी बाहेर आली नाही, पण दाराआड तिचे पाय दिसत होते.

पुढच्याच रविवारी वर्गाला सुट्टी देऊन आम्ही पाहणी करायला गेलो. मी, काकू आणि वर्गातल्या एका मुलाचा बाबा. हा पुण्याचा, इथल्या आयटी कंपनीत आहे, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, आणि सगळ्या गोष्टींना इंग्रजी नाव असलं की त्याला बरं वाटतं. गाडीत तो म्हणाला, “ताई, आपण प्रॉपर रिस्क मॅट्रिक्स करू.” मी म्हटलं, “तू मॅट्रिक्स कर, मी खड्डे बघते.”

तारातल्याचा चौक मागे पडला की रस्ता चिंचोळा होत जातो. एका बाजूला तेलाच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला बंद गिरण्यांच्या भिंती, आणि मध्ये रिक्षा, टोटो म्हणतात त्या बॅटरीच्या गाड्या, सायकली. लोकल स्वस्त पडली असती असं कोणीतरी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं. त्या माणसाने फलाट आणि लोकल यांच्यामधली फट बघितली नसावी. मी ते उत्तर तिथेच लिहिलं आणि विषय संपला.

गिरणीचं आवार पाहून मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त भीती वाटली, म्हणजे मला जरा बरं वाटलं. भीती दिसली की तिचं काहीतरी करता येतं. गवतात छोट्या ट्रॉलीचे रूळ लपलेले होते, ठेच लागून दात पडावेत असे. गठ्ठे दाबायच्या यंत्राच्या चाकांचे दाते गंजून पातळ झाले होते. बॉयलरच्या इमारतीच्या कडेची विटांची ओळ सुटली होती आणि खाली पडलेल्या विटा अजून लाल दिसत होत्या, म्हणजे त्या पडून फार दिवस झाले नव्हते. धुराड्याच्या अर्ध्या उंचीवर मधमाश्यांचं मोठं मोहोळ होतं. पाण्याच्या हौदावर पत्रा टाकला होता आणि पत्र्यावर एक कुत्रं झोपलं होतं, त्यामुळे पत्रा मजबूत आहे असं त्या आयटीवाल्याने ठरवलं. मी त्याला त्यावर उभं राहायला सांगितलं. तो राहिला नाही.

ट्रस्टचा माणूस किल्ल्या हलवत मागून फिरत होता. माझ्या प्रत्येक वाक्याला “हां हां, हो जाएगा” म्हणत होता. गवत कापायचं, हौदाभोवती दोरी लावायची, बॉयलरपाशी बांबूचं कुंपण घालायचं, हे त्याने कबूल केलं, आणि सांगायला हवं की केलंही.

शेवटी तो आम्हाला घाटावर घेऊन गेला. एका लांब गोदामाला वळसा घालून जावं लागतं, तोवर नदी दिसत नाही. मी मुद्दाम मागे राहिले होते. काकूंनी माझा हात धरला आणि आम्ही दोघी वळण ओलांडून पुढे आलो.

पाणी लांब होतं. इतकं लांब की मला हसू यायचं बाकी राहिलं. दगडी पायऱ्यांची रुंद उतरण, एवढी की कृष्णेच्या काठावर असल्यासारखं वाटावं. वरच्या पायऱ्या कोरड्या, मध्ये एक ऐसपैस पट्टा, त्याच्याखाली आणखी पायऱ्या, त्या चिखलाने माखलेल्या. त्यांच्यापुढे राखाडी गाळ, आणि त्या गाळापलीकडे नदी, जलपर्णीची बेटं वाहून नेत सावकाश खाली चाललेली. गाळात एक जुनी नाव कलंडून पडली होती. बगळे फिरत होते. पूर्वी इथून तागाचे गठ्ठे गलबतांवर चढायचे, असं त्या माणसाने सांगितलं. मला प्रश्न पडायला हवा होता की गलबतं त्या गाळातून कशी येत होती. मला तो पडला नाही.

मी चिखल नीट पाहिला. वाकून बोट लावून पाहिलं. ओला होता. मी ठरवलं, पावसाळ्यात नदी इथवर चढते, त्याचा हा गाळ, सावलीमुळे वाळलेला नाही. आम्ही तिघंही दख्खनची माणसं. काकूंची नदी वैनगंगा, आयटीवाल्याची मुळा-मुठा, माझी कृष्णा. आमच्या नद्या पावसाळ्यात चढतात आणि मग वर्षभर आपल्या जागी गप्प असतात. हिवाळ्यात नदी जिथे दिसली, तिथेच ती उन्हाळ्यापर्यंत असते. घाटाची शेवटची पायरी म्हणजे शेवटची पायरी. याबद्दल आम्हा तिघांच्या मनात शंका येण्याचं काही कारणच नव्हतं. ट्रस्टच्या माणसाने काही सांगितलं नाही, कारण कोलकात्यात ती गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत असते, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोणी सांगत नाही.

काकूंनी पायरीवर उभ्या राहून हात जोडले. म्हणाल्या, “गंगा आहे गं ही. मुलांना खाली नेऊन दोन थेंब तरी डोक्यावर घेऊ देत.”

“नाही.”

“एकेकाला हात धरून.”

“काकू, नाही. डबे मधल्या पट्ट्यावर खायचे. त्याच्या खाली कोणी जायचं नाही. थेंब हवेच असतील तर तुम्ही एकट्या जा आणि तांब्यात आणा.”

आपल्याकडे नदीकाठी जायचं आणि पाण्याला हात लावायचा नाही, हे कोणालाच जमत नाही. काकूंना ते कठीण गेलं. पण त्यांनी शब्द दिला होता. त्या मधल्या पट्ट्यावर बसून आम्ही चहा प्यायलो. दुपारचे बारा वाजत होते, गोदामाची सावली बरोबर पायऱ्यांवर पडली होती. मी म्हटलं, पुढचा रविवार, हीच वेळ. वार तोच ठेवला की रस्त्यावरची गर्दी तशीच राहील, सावली तशीच राहील, सगळं आज पाहिलं तसंच असेल. आयटीवाल्याला हे फार पटलं. त्याने त्यालाही काहीतरी इंग्रजी नाव दिलं.

मधल्या आठवड्यात मी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. पूर्ण बाह्या आणि बंद बूट घालायचे. अत्तर नको, केसांना वासाचं तेल नको, मोहोळ आहे. सगळ्यांना पिवळ्या टोप्या, लांबून दिसायला. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते प्रत्येक आईने कळवायचं. बसच्या ड्रायव्हरला मी स्वतः जाऊन भेटले आणि त्याचा मोबाईल सहलीच्या दिवशी माझ्याकडे राहील असं सांगितलं. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी त्याची किडनी मागितली. एका आईने ग्रुपवर लिहिलं, ‘आपण सहलीला चाललोय की सीमेवर?’ त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. नंतर कोणीतरी तिला खासगीत सांगितलं असावं, कारण तिने ते वाक्य पुसून टाकलं. पुसायला नको होतं. ते पुसलेलं बघून मला जास्त लागलं.

घरात मात्र वेगळीच हवा होती. मुलगी टोपी घालून फिरत होती. टोपी घालून अभ्यास, टोपी घालून जेवण. तिने बाबाला विचारलं, ताग कसा दिसतो? तो म्हणाला, पोत्यासारखा. “पोतं म्हणजे काय?” मग दोघं हसत बसले. त्या घरात हसण्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी आला होता आणि तो मला सहन होत नव्हता, हेही खरं. मी ओट्यापाशी उभी राहून विचार करत होते की हा आवाज टिकवायचा तर मला एकही चूक परवडणार नाही. नवऱ्याला मी येऊ नको म्हटलं. त्याचं लक्ष मुलीकडे राहिलं असतं आणि माझं त्याच्याकडे.

रविवारी सगळं मी ठरवलं होतं तसं झालं. बस वेळेवर, ड्रायव्हर फुगलेला पण सावकाश. पोरं दोघा-दोघांच्या जोड्या करून गिरणीत शिरली. गवत कापलेलं होतं, दोऱ्या बांधलेल्या होत्या. काकूंनी गठ्ठ्यांच्या यंत्रापाशी उभं राहून सांगितलं की इथे माणसं दिवसभर तागाच्या धुळीत उभी असत आणि संध्याकाळी खोकत घरी जात. एका मुलाने विचारलं, “मग ते मास्क का नाही घातले?” काकू म्हणाल्या, “त्यांची काळजी करायला कोणाची आई बरोबर आली नव्हती.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझी मुलगी मैत्रिणीचा हात धरून धुराड्याकडे मान वर करून पाहत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ही माझी मुलगी छान दिसते. ती त्याच्यासारखी दिसते, असं नाही. छान दिसते.

बाराच्या सुमारास जेवणाची वेळ झाली. आयटीवाला सतरंज्या घेऊन पुढे गेला. काकू मुलांना घेऊन त्याच्या मागे गेल्या. मी सगळ्यात शेवटी निघणार, असं ठरलं होतं, म्हणजे मागे कोणी राहणार नाही. एका छोटीला शू लागली. तिला घेऊन मी फाटकाजवळच्या स्वच्छतागृहापाशी गेले, ती बाहेर येईपर्यंत थांबले, तिच्या बुटाची नाडी बांधली, आणि आम्ही दोघी गोदामाला वळसा घालून घाटावर आलो.

नदी पायऱ्यांवर आली होती.

गाळ नव्हता. कलंडलेली नाव सरळ उभी राहून डोलत होती. खालच्या पायऱ्या नव्हत्या. ज्या पट्ट्यावर आम्ही चहा प्यायलो होतो तो पट्टा नव्हता. आयटीवाल्याने सतरंज्या वरच्या पायऱ्यांवर घातल्या होत्या. आज पाणी जास्त सोडलंय वाटतं, असं त्याला वाटलं आणि तो वर सरकला, त्यात त्याला विचारण्यासारखं काही दिसलं नाही. पोरं हसत-खिदळत डबे उघडत होती. मागच्या रविवारी खाली वाहत जाणारी जलपर्णी आज उलटी, शहराच्या दिशेने चालली होती, जोरात. समुद्राकडून. मला ते पाहताक्षणी कळलं. मला नाही कळणार तर कोणाला कळणार? ज्या गोष्टीपासून मी अर्धा देश ओलांडून पळाले होते, ती नदीतून माझ्या मागोमाग इथवर आली होती, आणि मी तिच्यासमोर पोरांच्या पंगती मांडल्या होत्या.

माझी मुलगी सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती. डब्याचं झाकण पाण्यात बुडवून विसळत होती, पाणी हाताशी आलं म्हणून. एक मोठं मालवाहू जहाज नदीच्या मधून पुढे गेलं होतं आणि त्याची लाट घाटाकडे येत होती. मोठी नव्हती. तिच्या घोट्याला लागेल एवढी असेल. गुडघ्याला लागली असती तर ती पडली असती. पडली असती तर त्या पाण्याला किती ओढ होती ते मला जलपर्णीवरून दिसत होतं.

मी ओरडले. मी तिला हाक मारली.

पोरं घास हातात धरून माझ्याकडे पाहू लागली. काकूंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मला वाटलं, माझा आवाज फार मोठा होता म्हणून. मुलगी उठली, झाकण तिथेच टाकून पायऱ्या चढू लागली, अजिबात न धावता, जसं मी तिला शिकवलं होतं. मागे लाट आली आणि मुलगी बसली होती ती पायरी धुवून, झाकण घेऊन परत गेली. मुलगी माझ्यापर्यंत पोचली आणि तिने माझा हात धरला तेव्हा मला कळलं की मी हाक कोणाला मारली होती. ते नाव इतक्या वर्षांत मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

“इथे भरती येते म्हणे, ताई,” आयटीवाला जवळ येऊन म्हणाला. त्याने आत्ताच मोबाईलवर पाहिलं होतं. “दिवसातून दोनदा. वेळ रोज बदलते. आठवड्यात अगदी उलटी होते.” त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पोरगा वाईट नाही. त्याला काय बोलणार? मॅट्रिक्स त्याचं होतं, पण चिखलाला बोट मी लावलं होतं.

आम्ही सतरंज्या उचलल्या आणि मुलांना कापलेल्या गवतावर बसवून जेवायला घातलं. मसालेभात गार झाला होता. काकूंनी तांब्या रिकामाच पिशवीत ठेवला. त्यांना वाईट वाटत होतं, आणि मला त्यांचा राग येत होता, आणि त्यांची चूक नव्हती. परत निघताना पोरं जोड्या धरून आली तशी बसमध्ये चढली. ड्रायव्हरला त्याचा मोबाईल मी परत द्यायचा विसरले, त्याने मागून घेतला.

बसमध्ये मुलगी माझ्या शेजारी बसली. मैत्रिणीने बोलावलं तरी गेली नाही. टोपी तिने काढून मांडीवर ठेवली होती. तेलाच्या टाक्या मागे पडेपर्यंत ती तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “आई, तू दादाला बोलावलं.”

“हो.”

“सगळ्यांना वाटलं की कोणी दुसरा मुलगा आहे. ते शोधत होते.”

“हो.”

“मला माहीत होतं की नाही आहे. पण तू इतकी जोरात बोलावली. कोणीतरी यायला पाहिजे ना. म्हणून मी आली.”

‘आले’ म्हणायचं, असं तिला सांगणारी मी. त्या वेळी मी ती चूक तशीच राहू दिली. मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि हात उचलवत नव्हते. बस सिग्नलला थांबली, पुन्हा निघाली.

“ऐक,” मी शेवटी म्हटलं. “पुन्हा मी तशी हाक मारली तर तू यायचं नाही. ती हाक तुझी नाही.”

ती शहाणी आहे, काकू म्हणतात ते खरं आहे.

“मग मला कधी बोलवशील?” तिने विचारलं.